इनास टेलरची काचेची कौलं

मी काचेला टोचून बघते. पोटापाण्याचा धंदाच तो. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आहे, त्याला हिऱ्याचं अगदी बारीक टोक बसवलेलं आहे. ते टोक काचेवर टेकवायचं, चिमूटभर तांदळाचं वजन असेल तेवढा जोर द्यायचा आणि ते किती आत गेलं ते मोजायचं. किती आत? केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातले दोन-तीन. एवढ्याशा जोराला काच फुटत नाही, चक्क लोण्यासारखी दबते, आणि टोक उचललं की थोडी परत वर येते. किती दबली त्यावरून तिचा कठीणपणा कळतो, किती वर आली त्यावरून तिचा ताठपणा. वीस वर्षं हेच करतेय, तरी पडद्यावरची ती रेघ मागे फिरली की अजूनही मला बरं वाटतं. घरचे म्हणतात, हिला वेड लागलंय. लागलंय खरं.

त्या वेडापायीच मेच्या सुरुवातीला मी सिंधुदुर्गात जाऊन आले. खाऱ्या दमट हवेत काचेची वरची कातडी बदलते. पाणी तिच्यातला सोडा हळूहळू ओढून घेतं आणि वरचा पापुद्रा मऊ पडतो. प्रयोगशाळेत आम्ही काच वाफेच्या पेटीत काही आठवडे ठेवतो आणि म्हणतो, झाली ही तीस वर्षांची. माझा त्या पेटीवर काडीचा विश्वास नाही. मला खरीखुरी जुनी काच हवी होती, समुद्राच्या हवेत राहिलेली आणि जन्मतारीख माहीत असलेली. आमच्या ऑफिसातला एक कुडाळचा माणूस म्हणाला, खिडक्यांत शोधू नका, छपरात शोधा.

तारकर्ली, बुधवार

उतरले ती सुलभावहिनींच्या घरी. पुढे नारळाची बाग, मागे समुद्र, मध्ये पाहुण्यांसाठी तीन खोल्या. वहिनींचे यजमान मासेमारी करतात आणि वहिनी बाकीचं सगळं. खिडक्यांच्या काचा बघून मी लगेच विचारलं, किती जुन्या? वहिनींना हसू फुटलं. वाळू आणि वारा मिळून काचा पार आंधळ्या करतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी बदलाव्याच लागतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे इथे माझं काही काम नव्हतं.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेले. लोक सूर्यास्ताचे फोटो काढत होते आणि मी उकिडवी बसून भिंगातून वाळू बघत होते. एकेक कण बघण्यासारखा होता, कुठे शिंपल्याचा चुरा, कुठे काळा जड कण, कुठे स्वच्छ गारगोटी. ही गारगोटी काचेपेक्षा कठीण असते. वारा तिला उचलून खिडकीवर मारतो आणि काच आंधळी होते, एवढं साधं गणित. ते मनात घोळवत मी उठले, चष्म्यावर पाण्याचे तुषार उडाले होते म्हणून ओढणीने काचा पुसल्या, आणि खर्र! ओढणी वाळूने भरलेली. डाव्या काचेवर अर्धवर्तुळाकार ओरखडा उमटला. ओरखडे कसे पडतात यावर मी कॉलेजांतून भाषणं देते, बरं का. वहिनींना सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या, ते बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

जेवताना त्यांनीच वाट दाखवली. त्यांची पोलकी शिवणारे इनासबाब मालवणहून आत, कुडाळच्या रस्त्याला राहतात. त्यांच्या मशीनच्या बरोबर वर काचेची कौलं आहेत, वहिनींना लग्न होऊन आल्यापासून आठवतात ती.

गुरुवार

इनासबाब फर्नांडिस सत्तरीचे, शिडशिडीत, गळ्यात मोजपट्टी. माझं नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या कुडत्याच्या खांद्याची शिवण दोन बोटांत धरून पाहिली आणि मान हलवली. पुण्याच्या टेलरबद्दल त्यांचं मत त्या मान हलवण्यात आलं.

घर चिऱ्याचं, कौलारू. पुढच्या पडवीत पायाचं शिलाई मशीन, आणि छपरात लाल कौलांच्या मध्ये शेजारी शेजारी दोन काचेची. त्यांतून येणारा उजेड बरोबर सुईवर पडत होता. मी मान वर करून बघतच राहिले. आमच्या सोलापूरकडे धाब्याची घरं. मातीच्या छपराला एक भोक ठेवतात, त्याला साणं म्हणतात. उजेडही त्यातूनच आणि धूरही त्यातूनच, पाऊस आला की धावत जाऊन वर घमेलं उपडं घालायचं. इथल्या लोकांनी भोकालाच काच लावून टाकली. एवढी साधी गोष्ट आम्हाला कधी सुचली नाही याचा मला रागच आला. अर्थात आमच्याकडे पाऊसही तेवढा नाही म्हणा.

"रॉकीच्या बाप्तिस्म्याच्या वर्सा घातलंय," इनासबाब म्हणाले. रॉकी म्हणजे त्यांचा मुलगा, वय पस्तीस. पाहिजे होती ती जन्मतारीख मिळाली. 

पण रॉकी समोरच उभा होता आणि त्याचा बेत वेगळा होता. तो गोव्यात नोकरी करतो, खास छपरासाठी रजा काढून आला होता. सोमवारी पत्रे टाकणारा येणार होता. कौलं सगळी उतरवायची आणि घरभर पत्रा. माझ्याशी तो ऑफिसातल्यासारखं शुद्ध मराठी बोलत होता आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दर वर्षी पावसाआधी कौलं चाळायला, म्हणजे उतरवून परत नीट बसवायला, माणूस मिळत नाही, माकडं उड्या मारून फोडतात, आणि गेल्या पावसात एक साधं कौल खाली आलं ते मशीनपासून हातभर अंतरावर. वडील तेव्हा जेवायला आत गेले होते म्हणून निभावलं.

इनासबाबांना पत्र्याचं काही नव्हतं. त्यांना फक्त त्यांचा उजेड हवा होता. मध्ये एक पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा टाकू, असं रॉकी म्हणत होता. तो दोन वर्षांत पिवळा पडतो, आणि पिवळ्या उजेडात काळा दोरा कुठला नि निळा कुठला ते कळत नाही, असं इनासबाबांचं उत्तर. बल्ब लावू म्हटलं तर बल्बने सुईची सावली कापडावर पडते. बापलेकांचा हा वाद बरेच दिवस चालू असावा, कारण इनासबाबांची बायको कार्मेलीनबाय तो ऐकत ऐकत शांतपणे फणस फोडत होती.

मी कोण, काय करते हे सांगितलं तसा रॉकी मला म्हणाला, "मग ताई, तुम्हीच सांगा. काच चांगली आहे म्हणालात तर तेवढी कौलं ठेवतो. नसेल तर सगळा पत्रा."

आता खोटं कशाला बोलू? काच वाईट निघाली तर ती दोन्ही कौलं मी पुण्याला घेऊन जाणार होते. चांगली निघाली तर ती छपरात राहणार आणि मी हात हलवत परत जाणार. असल्या माणसाला कुणी न्यायाधीश करू नये. मी ते तिथल्या तिथे बोलून टाकलं. रॉकी हसला, इनासबाब हसले नाहीत. उद्या सकाळी कौलं उतरवून ठेवतो, या बघायला, असं ठरलं. निघताना कार्मेलीनबायने फणसाचे गरे बांधून दिले. चिकाने बोटं अशी चिकटली की वहिनींनी खोबरेल चोळल्याशिवाय सुटली नाहीत.

शुक्रवार

सकाळी पोचले तर पडवीत घडी घातलेल्या गोणपाटावर दोन्ही कौलं ठेवलेली. आणि लख्ख! नवीकोरी वाटावीत इतकी. बाजूला राखेचा ढीग आणि नारळाच्या काथ्याचं सोडण, घासून घासून काळं पडलेलं. इनासबाबांनी पहाटेपासून बसून दोन्ही कौलं राखेने घासली होती. परीक्षेला बसवायची तर न्हाऊ-माखू घालून बसवावीत, असा विचार.

 पस्तीस वर्षांची कातडी, जिच्यासाठी मी इतक्या लांब आले, ती राखेबरोबर मागीलदारी गेली होती. मला जो पापुद्रा टोचायचा होता तो एका सकाळच्या घासण्यात संपतो. राखेत बारीक, काचेला ओरबाडणारे कण असतात. मी चिडले. अगदी आवाज चढवून चिडले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं घासायला, मी मळ बघायलाच आले होते, असं काहीबाही बोलले. सत्तर वर्षांचा माणूस मान खाली घालून राखेची बोटं लुंगीला पुसत उभा होता. रॉकी बाजारात गेला होता. कार्मेलीनबायने माझ्यासमोर चहा आणून ठेवला. दोन घोट घेतल्यावर मला माझीच लाज वाटली. यांच्या घरात येऊन, यांच्या कौलांवरून, यांनाच बोलणारी मी कोण? मी माफी मागितली. इनासबाब म्हणाले की तेही असेच चिडतात, मापाला दिलेला जुना झगा लोक धुऊन आणतात तेव्हा. कापड आटतं आणि माप चुकतं. मला एकदम हसू आलं.

माझं काम गेलं होतं, पण त्यांचं अजून होतं. भिंग काढलं आणि कौलं तपासायला घेतली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण रॉकीला वाटत होतं की माझ्या यंत्रातून हो किंवा नाही असा निकाल निघतो. तसं नसतं. माझं यंत्र सांगतं की काच टोकाखाली किती दबते. ती फुटेल कधी हे ते सांगत नाही. काच फुटते ती तिच्या सगळ्यात वाईट चिरेपाशी. बाकी अख्खं कौल कितीही कठीण असो, एक चीर पुरते. म्हणून आधी चीर शोधायची आणि तिथे डोळे आणि बोटं यांच्याइतकं कामाचं काही नाही.

पहिलं कौल स्वच्छ. दुसऱ्याच्या मागच्या बाजूला, कौल जिथे लाकडी रिपेवर अडकतं त्या नाकाशी, एक फिकट रेघ दिसली. भिंगाखाली ती चिरेसारखी चमकत नव्हती. मिणमिणीत होती. नखाने कोरलं तर बारीकशी पांढरी वळी निघाली. हुंगून बघितली. मेण होतं.

मी वर बघितलं. इनासबाब माझ्याकडेच बघत होते. मग मला गोणपाटाचा अर्थ कळला. कौलं चाळणारे लोक कौल बोटावर तोलून वाजवून बघतात. चांगलं खणखणतं, चीर गेलेलं बद्द वाजतं. गोणपाटावर दोन्ही सारखीच बद्द वाजणार. मी पहिलं कौल दोन बोटांवर तोलून टिचकी मारली, खण्ण झालं. दुसऱ्याला मारली. आवाज मेला होता.

इनासबाब स्टुलावर बसले. दाराकडे एकदा बघून हळू म्हणाले, "ताई, रॉकीक सांगा नकात. ही कौलां गेली तर मी खंय बसतलंय?"

त्यांनी मला सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी माकडाने उडी मारली तेव्हा चीर गेली. मेणबत्ती वितळवून त्यांनी ती भरली, पाणी गळायचं थांबलं. हातात काम होतं तोवर मुलगा गोव्याला बोलावत नव्हता. उजेड गेला की काम जाणार आणि काम गेलं की त्यांना गोव्याच्या फ्लॅटमध्ये नेऊन बसवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वाईट कुणीच नव्हतं यात. मुलाला बाप जिवंत हवा होता आणि बापाला मशीन हवं होतं.

मी काय करायला हवं होतं? वाचणाऱ्याला सोपं वाटेल. त्या स्टुलासमोर बसलं की सोपं राहत नाही. पण काच काय करते ते मला माहीत आहे. मी त्यांना सांगितलं, दमट हवेत चीर एका जागी थांबत नाही. पाणी तिच्या टोकापर्यंत जातं आणि तिथली काच कणाकणाने सुटत राहते. मेणाने थेंब अडतो, वाफ अडत नाही. वरून वर्षभर काही दिसणार नाही, आणि एक दिवस काही कारण नसताना कौल खाली येईल. तुम्ही खाली असाल, किंवा पोलकं घ्यायला आलेल्या सुलभावहिनी असतील.

सुलभावहिनींचं नाव ऐकल्यावर त्यांनी वर छपराकडे बघितलं. मी म्हटलं, मी आपणहून रॉकीला सांगणार नाही, पण त्याने विचारलं तर खोटं बोलणार नाही.  उठून त्यांनी राख भरली.

दुपारी जेवायला उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. आम्ही सोलापूरचे मटणवाले, काट्यांशी आमची ओळख नाही. पहिल्याच घासाला काटा टाळूला लागला तशी कार्मेलीनबायने माझं ताट स्वतःकडे ओढलं आणि लहान पोराला काढून द्यावेत तसे काटे काढून दिले. तिखलं इतकं चवदार होतं की मी घडीभर कौलं विसरले. मग रॉकीने विचारलंच.

"मग ताई, काय ठरलं?"

मी तोंड उघडायच्या आत इनासबाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "एक कौल फुटलेला आसा. माका दोन वर्सां ठावक आसा. मेण भरून लपयलंय मी."

रॉकी बापाकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा ओरडणार, बरं झालं कळलं, सगळा पत्रा टाकतो म्हणणार. तो शुद्ध मराठी विसरला आणि त्याचा आवाज बारीक झाला. "आणि तुमी रोज त्याच कौलाखाली बसतास?"

 कार्मेलीनबायने नवऱ्याच्या ताटात भात वाढला आणि त्याच्या पाठीवर एक चापट मारली, जोरात. तिलाही माहीत नव्हतं.

जेवणानंतर रॉकीने मला चांगल्या कौलाबद्दल विचारलं. लिहून द्याल का, म्हणाला. मी म्हटलं नाही, असं लिहून कुणीच देऊ शकत नाही, देणारा भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. पण तासभर भिंग फिरवून मला त्यात एकही चीर दिसली नव्हती आणि त्याचा आवाज स्वच्छ होता. खाली तारेची जाळी ठोकली तर मी स्वतः त्याखाली खुर्ची टाकून बसेन, एवढं मी सांगितलं.  रॉकी शिडी लावून वर चढला आणि चांगलं कौल जागेवर बसवलं. दुसऱ्याच्या जागी साधं लाल कौल घातलं. पडवीतला उजेड निम्मा झाला होता.

"एका कौलात भागता काय ते बघा," तो वरूनच बापाला म्हणाला. "नाय भागला तर पत्रो."

इनासबाब मशीनवर बसले. सुईतला दोरा त्यांनी मुद्दाम ओढून काढला, काळा रीळ उतरवला आणि निळा लावला. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुईकडे नेलं. चुकलं. पुन्हा ओलं केलं, पुन्हा नेलं. तेही चुकलं. कार्मेलीनबाय दारात उभी होती, हातातलं फडकं तिने पिळून पिळून दोर केला होता. मी दुसरीकडे बघायचं ठरवलं, पण बघवेना आणि नजर हलवताही येईना. मग त्यांनी काय केलं, तर खुर्ची वीतभर मागे सरकवली आणि मशीनला थोडं तिरकं केलं. आता कौलातला उजेड उजव्या खांद्यावरून सरळ सुईच्या नाकावर आला. तिसऱ्यांदा दोरा आरपार गेला.

त्यांनी रॉकीकडे बघितलंसुद्धा नाही. कापड दाबाखाली घेतलं आणि पाय चालवायला लागले.

रॉकी शिडीवरून उतरला. बापाच्या गळ्यातली मोजपट्टी त्याने काढून घेतली, मशीनभोवती जमिनीवर लांबी-रुंदी मोजली आणि पत्रेवाल्याला फोन लावला. पत्रेवाला पलीकडून कुरकुरत असावा, मध्ये कौलं ठेवली तर सांध्यात गळतं म्हणून. रॉकीने त्याला पुरतं बोलू दिलं.

"गळांदे. मशीनवर चार बाय सहा जागो सोड," तो म्हणाला. "थंय पत्रो नको. थंय पप्पांचो उजेड आसा."

मशीन थांबलं.

"चार नाय, पाच सांग," इनासबाब मान वर न करता म्हणाले. "खुर्ची मागे सरता आता."